सांगाड्याला खांदा

"जाळू नका हो, त्याच्यावर माझी शाळा चालते!"

भोईवाड्याच्या स्मशानाच्या दारात आमचे हेडमास्तर ओरडत होते. एका हातात पाण्याचं नवं मडकं, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल, आणि समोर अर्धं गिरणगाव. उरलेलं अर्धं लाकडं आणायला गेलं होतं.

ज्याला जाळायला निघाले होते तो आधीच मेलेला होता, आणि आमचा तर नव्हताच. गिरगावातल्या एका शाळेचा तो सांगाडा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळच्या शाळेत मी शरीरशास्त्र शिकवायला नवाच लागलो होतो. या विषयाला सरकारची जादा ग्रँट होती. पण तपासणीच्या साहेबांना शाळेत खराखुरा सांगाडा दिसला पाहिजे, ही अट. ग्रँट नाही तर विषय नाही, विषय नाही तर मी नाही, आणि मी नाही तर चिपळूणची एक मुलगी दुसऱ्या कुणालाही माळ घालायला मोकळी. तिच्या वडिलांनी तसं स्वच्छ कळवलं होतं.

सांगाडा विकत घेण्याची ऐपत बाकी एकाही शाळेची नव्हती. म्हणून गिरगावापासून वडाळ्यापर्यंत सगळ्यांत मिळून हा एकच फिरायचा. नोकरीत तो हेडमास्तरांनाही सीनियर. इतक्या तपासण्या त्याने पाहिल्या होत्या की साहेब खोलीत शिरले की तो आपणहून मान लववतो, असं आमचा शिपाई शपथेवर सांगे.

तपासणीच्या सकाळी मी आणि हेडमास्तर त्याला आणायला गिरगावात गेलो. हातगाडीवर आडवा घातला, बांबूला बांधला. मागच्या खेपेला त्याला उघडा नेला तेव्हा भायखळ्याच्या बाजारात एक कोळीण दचकून स्वतःच्याच पापलेटांच्या पाटीत बसली होती, म्हणून या वेळी वरून पांढरं धोतर पांघरलं. साहेब पिण्याच्या पाण्याचीही चौकशी करतात, तेव्हा हेडमास्तरांनी वाटेत एक मडकं घेतलं. ते गाडीवर फुटेल म्हणून स्वतः धरून पुढे चालले. भायखळ्याला त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

आता तुम्हीच सांगा. पुढे मडकं धरलेला अनवाणी माणूस, मागे पांढऱ्या कापडाखाली आडवा देह. लालबागच्या नाक्यावर मोर्चा जमलेला. सरकारच्या पुतळ्यांच्या प्रेतयात्रा तेव्हा दर आठवड्याला निघत.

एका दांडगट गिरणी कामगाराने विचारलं, "गुरुजी, सरकाराची मयत काय?"

हेडमास्तर घामाघूम. म्हणाले, "सरकारमुळेच ही पाळी आली माझ्यावर."

एवढं पुरलं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी आरोळी उठली, की परळच्या गिरणीच्या भोंग्यालाही आपण आज वाजलो की नाही याची शंका आली असेल. क्षणात बांबू खांद्यांवर. गुलाल उडाला, झेंडू पडले, कुठून तरी टाळ आले. मी मधे घुसून सांगू लागलो, "अहो, हा शाळेचा आहे."

"मास्तर, तुमी गप रवा. ह्यां आमचां काम."

"पण आत पेंढा नाहीये."

"हलको लागता, म्हणजे पेंढोच."

अशी ती मिरवणूक आमच्या शाळेवरून, माझ्या डोळ्यांदेखत, भोईवाड्याला गेली. तिथे हेडमास्तर ओरडले ते वर सांगितलंच. कुणीतरी धोतर ओढलं. कवटी आभाळाकडे बघून हसत होती.

सगळे दोन पावलं मागे सरले. मघाचा दांडगट हळूच म्हणाला, "अरे, ह्यो तर खरोच मेलेलो."

मग हेडमास्तरांनी स्मशानाच्या नळावर मडकं भरून पाणी प्यायलं आणि सगळी हकीकत सांगितली: हा नाही तर ग्रँट नाही, आणि ग्रँट नाही तर तुमच्याच पोरांचा वर्ग बंद. त्या गर्दीत निम्म्यांची पोरं आमच्याकडे होती. दांडगटाने एकदाच विचारलं, "साहेब किती वाजता येतलो?" आणि प्रेतयात्रा मागे वळली. स्मशानातून वाजतगाजत परत आलेला मुंबईतला तो पहिलाच इसम असावा.

शाळेच्या दारात शिपाई उभा. "साहेब अजून आले नाहीत," म्हणाला.

तेवढ्यात बांबूचं पुढचं टोक ज्याच्या खांद्यावर होतं त्याने ते अलगद खाली ठेवलं. कोट होता, टाय होता; बाकी सगळा गुलाल. ट्राम लालबागला अडली, उतरलो तर खांदा द्यायला ओढलं, एवढंच साहेबांनी सांगितलं.

हेडमास्तरांनी सांगाड्याकडे बोट दाखवलं. कसेबसे म्हणाले, "साहेब, हा आमचा सांगाडा. पाहून घ्यावा."

"लालबागपासून खांदा देतोय," साहेब म्हणाले. "आणखी काय पाहायचं?"

माझ्या डोळ्यांपुढे चिपळूण. मला राहवेना. "मग ग्रँट, साहेब?"

साहेबांनी कोटावरचा गुलाल झटकला.

"मंजूर. तेराव्यानंतर कचेरीत या."