साडूंच्या गाडीचं गाऱ्हाणं

माझ्या थोरल्या साडूंनी माणसासमोर आजवर एकही चूक कबूल केलेली नाही. मोहोर गळला तर चूक हवेची, आमटी खारट झाली तर आमच्याकडच्या भाट्याच्या समुद्राची! शिवाय उरलेली कुठलीही वस्तू टाकायची नाही, हा बाणा. एकदा होडीच्या उरलेल्या रंगाने त्यांनी देवघर रंगवलं, वर म्हणाले, "आता गळणार नाही."

डावा पाय अधू झाला, क्लच दाबवेना, तेव्हा त्यांनी ऑटोमॅटिक पिकअप घेतली. कलमांच्या बागेत जायला आधार तेवढाच. गेल्या हंगामात ती गाडी पन्नासच्या पुढे गेली की अंगात आल्यासारखी थरथरू लागली. मुंबईहून मुलाचा फोन आला, "बाबा, विकून टाका. गाडी चालवणं पुरे आता." त्या दिवशी साडूंना सुरमईसुद्धा गोड लागली नाही.

मग मी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो. त्याने गाडी चालवून पाहिली. थरथर सुरू होताच ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला जरासा पाय लावला, आणि थरथर थांबली. "इंजिन ठणठणीत आहे. ब्रेकला पाय लागला की गिअरबॉक्सच्या आतली पकड सुटते आणि थरथर थांबते, म्हणजे दुखणं गिअरबॉक्सचं. त्यात तेल कुठलं घातलंत?"

"कंपनीचंच!" साडू कडाडले.

"मग सगळा खोलावा लागेल."

"थांब. आधी गाऱ्हाणं."

आमच्याकडे नारळ ठेवून देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. तिथे मात्र खोटं बोलायची सोय नाही. साडूंनी बॉनेटवर नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, गाडीची पीडा दूर कर!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघे ओरडलो.

"माझ्या लेकाचं मन फिरव!"

"व्हय म्हाराजा!"

मग आवाज एकदम खाली आला. "आणि गिअरबॉक्समध्ये नांगरणीच्या पॉवर टिलरचं उरलेलं तेल मीच ओतलं, तेवढं पोटात घाल!"

मेकॅनिकने सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि कपाळावर हात मारला. ते तेल काढून त्याने गाडीला चालणारं तेल भरलं, थोडी फिरवून पुन्हा एकदा बदललं. थरथर गेली.

परवा साडूंनी मला मुद्दाम भाट्याच्या पुलावरून फिरवून आणलं. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला होता, त्यातला थेंब सांडला नाही. "आता विकायला सांग म्हणावं लेकाला!" त्यांचा चेहरा उजळला. कडेला गाडी उभी करून त्यांनी पेला उचलला, आणि तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पाणी हातातून शर्टावर सांडलं.

"वारा सुटलाय," साडू म्हणाले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं आणि काच वर केली.