कुबडीच्या भोकातलं कुंकू

“साळवे, पिना बसत नाहीयेत. एकही नाही.”

सोमवारी सकाळी पाठकसाहेब फोन हातात तसाच धरून माझ्यापाशी आले. फोनवर चाकणचा कस्टमर. शनिवारी पाठवलेल्या आमच्या पिना त्यांच्या बेअरिंगमध्ये जाईनात, म्हणून त्यांची लाइन थांबली होती.

“संध्याकाळपर्यंत कारण सांगा,” साहेब म्हणाले. “नाहीतर उद्यापासून वरचं टेबल घ्या. तुमच्याच सोयीसाठी सांगतोय.”

हे वरचं टेबल काय प्रकरण आहे ते सांगतो. कुरुळीजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत मी क्वालिटी बघतो. मोजायची सगळी साधनं, म्हणजे गेज, माझ्या ताब्यात. डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला, तेव्हापासून कुबडी. अठरा वर्षं शॉपफ्लोअरवर आहे. कुबडीची टकटक ऐकली की ऑपरेटर मोबाइल खिशात टाकतात, इतका माझा दरारा. पाठकसाहेब आमचे मॅनेजर, दोनच महिन्यांपूर्वी आलेले. माणूस मनाने चांगला. मला बघून त्यांचा जीव कळवळला आणि त्यांनी माझ्यासाठी बसून करायचं काम शोधून काढलं. टेबल पहिल्या मजल्यावर. पायऱ्या बावीस, लिफ्ट नाही.

मला ते टेबल नको होतं. खाली मी साळवेसर होतो, वर गेलो की ‘बिचारे साळवे’ झालो असतो. त्या सकाळी मी मनातून पार घाबरलो होतो.

पिनांची तक्रार साधी होती. पिना जाड झाल्या होत्या. मी ग्राइंडिंग मशीनवर गेलो. तिथला ऑपरेटर बाळू गाडे. कुरुळीचाच, घरची जमीन, तरी मशीनवर जीव.

“बाळू, पिना जाड गेल्यात.”

“न्हाई सर. गेज झिरो दावतंय. तुमीच बगा.”

बघितलं. काटा बरोब्बर शून्यावर. पण हे गेज स्वतःच्या अकलेने काही सांगत नाही. रोज सकाळी त्याला एक नमुन्याची पिन दाखवायची आणि म्हणायचं, हे बघ, हे शून्य. त्या नमुन्याला आम्ही मास्टर म्हणतो. पेनाच्या टोपणाएवढा, आरशासारखा चकचकीत. मास्टरवर तपासणीचं स्टिकर होतं, तारीख चालू होती. स्टिकर असलं की मास्टरवर कोणी शंका घेत नाही. मीही घेतली नाही. मशीन बघितलं, स्टील बघितलं, पिना गार ठेवणारं कूलंट बघितलं. जेवणाची सुट्टी झाली तरी हाती काही नाही.

माझी रोजची प्रार्थना छोटी असते. “प्रभू, आज फरशीवर कोणी तेल सांडू नये.” त्या दिवशी पुढे जोडलं, “आणि हे कारण तेवढं सापडू दे.” उठायला म्हणून कुबडी धरली. हाताला घाम होता. बघतो तर बोट लाल.

कुंकू!

आदल्या बुधवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी कंपनीत मशीनची, हत्यारांची पूजा होते. बाळूने सगळ्या मशीनना हळदकुंकू लावलं, मग माझ्या गेजकडे आणि मास्टरकडे वळला. मी ख्रिस्ती. नको म्हटलं तर पोरांना वाटेल, साळवेसरांचा धर्म आडवा आला. म्हणून भिडेखातर गप्प बसलो. शेवटी बाळूने माझ्या कुबडीकडे पाहिलं. “सर, हे बी तुमचं हत्यारच की!” म्हणत तिलाही एक बोट ओढलं. सगळे हसले, मीही हसलो.

रविवारी उपासनेला चर्चमध्ये गेलो. रूथमावशी दर रविवारी माझ्या पायावर हात ठेवून तो बरा व्हावा म्हणून प्रार्थना करतात. त्यांचं लक्ष पायाऐवजी कुबडीवर गेलं. “अरे दानिएल, हे काय?” मी ओशाळून पाळकसाहेबांकडे पाहिलं.

ते म्हणाले, “कुबडीचा बाप्तिस्मा झालाय का?”

“नाही.”

“मग तिचं तिला बघू दे.”

तरी घरी येऊन मी ती साबणाने घासून काढली होती. उंची कमीजास्त करायला कुबडीला भोकं असतात, त्यात मात्र कुंकू राहिलं होतं. साबणाने घासूनही राहतं, तर मास्टर नुसता फडक्याने पुसल्यावर?

“बाळू, दसऱ्याच्या सुट्टीनंतर शुक्रवारी मास्टर कोणी पुसला?”

“मीच की. तुमास्नी सायब टेबल दावायला वर घेऊन गेले व्हते न्हवं?”

“कशाने पुसला?”

बाळूने खिशातून तेलकट फडकं काढलं. त्या फडक्याबद्दल न बोललेलं बरं.

मी मास्टर कागदावर स्पिरिट घेऊन पुसला. पांढरा कागद पिवळा झाला. पुन्हा त्याच गेजला लावला. काटा शून्याच्या खाली, आठ मायक्रॉन. केसाच्या जाडीचे दहा भाग करा, त्यातला जेमतेम एक भाग. हळदकुंकू तेलात कालवून वाळलं होतं, तेवढ्याने मास्टर जाड झाला होता. किलोच्या मापाला गूळ चिकटला तर गिऱ्हाईकाला साखर जास्त जाते. आमच्या पिना तशाच जाड गेल्या होत्या. आणि बाळू बिचारा त्या खोट्या शून्यावर इमानदारीत पिना काढत होता.

बाळूचा चेहरा पडला. “सर, माज्यामुळं झालं.”

“तू लावलंस, मी लावू दिलं,” मी म्हणालो.

पाठकसाहेबांना जसं घडलं तसं सांगितलं. पूजेच्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं, हेही सांगितलं. त्यांनी तो पिवळा कागद हातात घेतला.

“म्हणजे शुक्रवारी मी तुम्हाला वर नेलं नसतं तर...”

“मी स्पिरिटने पुसला असता, साहेब.”

जाड पिना परत आल्या, पुन्हा घासल्या, सगळ्या बसल्या. वरच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. त्याला पायऱ्यांचा त्रास नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी सकाळीच सगळे मास्टर डबीत बंद केले आणि मोठ्याने सांगितलं, “हळदकुंकू डबीला. आत बोट घालायचं नाही.” कोणाला काही वाटलं नाही. वर्षभर मी उगाच धास्ती घेतली होती. भिडेखातर गप्प बसलं की नंतर स्पिरिट लागतं, एवढंच मी शिकलो.

बाळू ताट घेऊन माझ्यासमोर घुटमळला.

“सर, कुबडीचं काय करू?”

“लाव. पण भोकं सोडून.”