साहेबांनी आभार मानले आणि जागा गेली

उमरग्याच्या बैलबाजारात मी दलाली करायचो. बाप दुसऱ्यांची जनावरं राखत मेला. मी मिसरूड फुटायच्या आत स्वतःच्या बोटांवर पोट भरू लागलो. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबायची, समोरच्यानं मान हलवली की सौदा झाला. आकडा त्या दोघांतच राहतो.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा एक गोरं जोडपं गावात राहायला आलं. हैदराबादच्या रस्त्याला त्यांनी घर भाड्यानं घेतलं. साहेब सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर जाऊन येशूची गोष्ट सांगायचे. गोष्ट ऐकणारे थोडे, सायकल बघणारे जास्त. मराठी ते पुस्तकातून शिकलेले, त्यामुळं गुरं राखणाऱ्या पोरांनाही ‘आपण कोठे राहता’ असं विचारायचे. बाई नर्स होत्या. पुढच्या खोलीत स्टोव्हवर सुया उकळत असायच्या आणि सकाळपासून दारात दुखणेकऱ्यांची रांग. रविवारी अंगणात लिंबाखाली प्रार्थना व्हायची. चारपाच ख्रिस्ती घरं यायची, बाकी आमच्यासारखे बघे. साहेब डोळे मिटून आठवड्यातल्या एकेका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे, तेही नावनिशीवार. कुणाची जखम भरली, कुणी वाटेत भाकरी दिली, काही सुटायचं नाही. लोक हसायचे. मीही हसायचो.

माझ्या बायकोची दोन बाळं जन्मताच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, “बाळ आडवं आहे. असंच राहिलं तर सुईणीच्या हातचं काम नाही. नववा लागला की इथेच राहायला या.” त्या दिवशी बायको घरी येऊन पोटभर जेवली.

आणि नेमकं तेव्हाच घरमालकानं साहेबांना घर रिकामं करायला सांगितलं. साहेबांच्या वरच्या लोकांचं पत्र आलं, दिवाळीपर्यंत स्वतःची जागा झाली तर दवाखाना बांधा, नाही तर दुसऱ्या जिल्ह्यात जा. गावात त्यांना जागा द्यायला कुणी तयार नव्हतं. मी म्हणालो, “साहेब, हे माझ्यावर सोडा.”

एक पाटील माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या आईचा सडत चाललेला पाय बाईंनी वाचवला होता. रस्त्याकडेच्या त्याच्या तुकड्याला मी हात घातला. जमिनीचा सौदा उपरण्याखाली होत नाही, पण आम्हाला दोघांना तीच सवय. त्यानं निम्म्या भावात मान हलवली आणि म्हणाला, “दलाल, आकडा कुणाला कळू देऊ नको. भावकी मला गावात राहू द्यायची न्हाय.”

मी साहेबांना आकडा सांगितला. कुणाला सांगू नका, हेही बजावलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

त्या रविवारी लिंबाखाली त्यांनी डोळे मिटले आणि पाटलाचे आभार मानले. कुठला तुकडा, केवढ्याला दिला, आईच्या पायासाठी कसा निम्म्यात दिला, सगळं. मी उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. लोक बघतील म्हणून बसून राहिलो.

प्रार्थना संपल्यावर मी त्यांना गाठलं. “कुणाला सांगू नका म्हणालो होतो ना?”

“मी कुणाला सांगितले नाही. देवाला सांगितले.”

“त्याला ठाऊक नव्हता का आकडा?”

“आभार अर्धवट कसे मानावेत?” ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते, याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी पाटील दारात आला. “भावकी बसलीय घरी. म्हणतात, किरिस्तावांना फुकट वाटतो व्हय रान? दलाल, थोडं वाढव. मला चारचौघांत तोंड दाखवायपुरतं.”

साहेब वाढवून द्यायला तयार झाले असते, हे मला माहीत होतं. पण मान हलवल्यावर भाव वाढलेला मी आयुष्यात मानला नव्हता. म्हणालो, “आईचा पाय कापून परत दे, मग वाढवतो.” पाटलानं पायताण घातलं आणि गेला. आठवड्यानं मी त्याच्या पाया पडायला गेलो. तुकडा त्याच्या चुलतभावाच्या नावावर झाला होता.

बायकोनं विचारलं, “वाढवून मागत होता ना? मग द्यायचं की.”

“तुला बाजारातलं काय कळतं?” मी म्हणालो.

दिवाळीला तिला सातवा होता. एका ट्रकमध्ये साहेब-बाईंचं सामान बसलं. बाईंनी बायकोला सोलापूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. कळा दिवसांच्या आधीच सुरू झाल्या, पहाटे. मी गाडी जुंपून सडकेला आणली, तिथं दुपारपर्यंत एसटी आली नाही. बाळ सडकेकडेच्या झाडाखालीच झालं. मुलगा होता. रडला नाही. त्यानंतर बायकोला दिवस राहिले नाहीत.

उन्हाळ्यात साहेबांचं पत्र आलं. बाळाचं नाव काय ठेवलं, असं विचारलं होतं, आणि रोज प्रार्थनेत त्याच्यासाठी देवाचे आभार मानतो, असं लिहिलं होतं. बायकोला वाचता येत नव्हतं.

“काय लिहिलंय?” तिनं विचारलं.

“खुशाल हायत,” मी म्हणालो. उत्तर मी पाठवलं नाही. आजही ते आभार मानत असतील.