सांगितल्याशिवाय राहवत नाही

भर दुपारी बेल वाजली. दारात हातात पुस्तिका घेतलेल्या दोन बायका उभ्या होत्या. चार जिने चढून दोघींना धाप लागली होती.

"काकू, देवाबद्दल थोडं बोलायचं होतं," त्यांतली थोरली म्हणाली.

"आमच्या घरात देव आहेत," असं म्हणून मी दार लोटणार होते, पण राहवलं नाही. "एवढ्या उन्हात कशाला फिरता हो? कुणी ऐकतं तरी का?"

ती हसली. "फारसं नाही. पण आनंदाची बातमी कळली की माणूस गप्प बसतं का? मला तर सांगितल्याशिवाय राहवतच नाही."

त्या गेल्यावर मी खिडकीशी उभी राहिले. समोरच्या इमारतीच्या जिन्याच्या जाळीतून त्या दिसत होत्या. पहिल्या मजल्यावर दार उघडलंच नाही. दुसऱ्यावर कुणीतरी खेकसलं. तरी त्या काहीतरी बोलून हसल्या आणि तिसऱ्याकडे निघाल्या.

त्यांचं म्हणणं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण त्या हसण्याचा मला हेवा वाटला. तीस वर्षं मी पूजा चुकवलेली नाही, आणि तरी धावत जाऊन शेजारणीला सांगावं असं माझ्याजवळ कधी काही आलंच नाही. या बाईला मात्र ते इतकं मिळालं होतं की घरात मावत नव्हतं.

संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले. नेहमीचं स्तोत्र ओठांवर येईना. शेवटी एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस, मग मला का नाही रे?"