कंपनीत ऐकू येतं, घरात नाही

मुलगी झाल्यावर वर्षभरातच मला कमी ऐकू यायला लागलं. एकदम नाही. आधी नवऱ्याचं बोलणं गेलं, कारण तो मुळातच खालच्या आवाजात बोलतो, आणि तेही ताटाकडे बघून. मी "काय?" म्हणायचे. तो पुन्हा सांगायचा. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचा, "काही नाही, जेव." त्या "काही नाही"चा मला जेवढा राग यायचा तेवढा दुसऱ्या कशाचाच आला नाही.

काळेवाडीत आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा तळेगावच्या एका कारखान्यात, मी चाकणला. गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधायचं काम, सगळ्या बायकांचीच लाइन. मुलीला दिवसभर सासूबाई सांभाळत, म्हणून त्यांना उलट बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही. त्या मावळातल्या. आवाज बारीक, आणि बोलायच्या ते बहुतेक दुसऱ्या खोलीतून.

मी घरात सांगितलं होतं, कानात काहीतरी होतंय. सासूबाईंनी लसणाचं तेल कोमट करून घातलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मळ काढला, थेंब दिले. म्हणाले, अशक्तपणा आहे, बाळंतपणानंतर होतं. गोळ्या घेतल्या. अशक्तपणा गेला असेल, कान तसाच राहिला.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मलाच कळत नव्हती. कंपनीत मला नीट ऐकू यायचं. शेजारी मशीन धडधडत असायची, कॉम्प्रेसर चालू, तरी शेजारणीशी गप्पा व्हायच्या. सुपरवायझर लांबून काही बोलला तर तेही कळायचं. आणि घरी आलं, पंखा बंद, टीव्ही बंद, सगळं शांत, की समोरच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाला पटलं असतं?

ते फुटलं हळदीकुंकवाला. माझ्या लाइनवरची मैत्रीण आली होती. सासूबाई तिला सहज म्हणाल्या, "हिला ऐकाया येत न्हाई बरं का, जोरानं बोल." ती हसली. म्हणाली, "काहीतरीच काय काकू, आम्ही दिवसभर गप्पा मारतो. एवढ्या आवाजात हिलाच सगळ्यात आधी ऐकू येतं." बिचारीनं कौतुकच केलं.

बायका गेल्यावर सासूबाई पुढ्यात येऊन बसल्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"म्हंजी कंपनीत कान हायत आन् घरात न्हाईत, व्हय?"

"आई, मला खरंच नाही ऐकू येत."

"आन् बोलतीस बी अशी, तोंडातल्या तोंडात. आमाला ऐकू जाऊ नये म्हनून."

मला वाटत होतं मी चांगली मोठ्यानं बोलतेय. नवऱ्याकडे बघितलं. तो मुलीच्या हातातला तिळगूळ काढून घेत होता. म्हणाला, "जाऊ दे ना आई." ही नाटक करत नाही, एवढं मात्र तो म्हणाला नाही.

तेव्हापासून माझ्या बहिरेपणाला घरात नाव पडलं, नाटक. कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या, नाटक. सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून बसल्या आणि त्यांच्या हाका मला स्वयंपाकघरात ऐकू आल्या नाहीत, तेव्हा तर नणंदेनं फोनवर रडून सांगितलं की वहिनीनं मुद्दाम केलं. मी खोटी नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माझं मलाही कधीकधी वाटायचं, आपण ऐकायचं टाळतोय की काय.

शेवटी मी पहिल्या शिफ्टनंतर परस्पर पिंपरीत कानाच्या डॉक्टरांकडे गेले. नवऱ्याला फोन करून तिथेच बोलावलं. डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या होत्या. कानात बघून म्हणाल्या, पडदा चांगला आहे. मला वाटलं, झालं, यांनाही नाटकच वाटणार.

मग त्यांनी एक लोखंडी चिमटा काढला, दोन पायांचा, तळहातावर आपटला आणि माझ्या कानासमोर धरला. काहीच ऐकू आलं नाही. तोच चिमटा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला, आणि अख्ख्या डोक्यात घंटेसारखा आवाज घुमला. मी दचकून खुर्चीतच सरकले.

त्यांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. बाहेरचा आवाज पडद्यावर आदळतो. पडद्याच्या आत तीन हाडं एकमेकांना जोडलेली, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब सगळ्यात लहान, घोडेस्वार पाय अडकवतो त्या कडीसारखी, तांदळाच्या कणीएवढी. ती हलते आणि आतल्या गोगलगायीसारख्या नळीतलं पाणी हलवते. तिथून पुढे नस मेंदूला कळवते. "तुमची नस चांगली आहे. रिकिबीभोवती हाड वाढलंय, ती जागेवरच घट्ट बसलीय. काही बायकांत बाळंतपणानंतर हे वाढतं."

मी भीतभीतच कंपनीचं विचारलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "गोंगाटात समोरचा माणूस ओरडूनच बोलतो. तो गोंगाट तुमच्यापर्यंत कमीच पोचतो, ओरडणं मात्र पोचतं. आणि स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून तुम्ही हळू बोलता. बरेच पेशंट हेच सांगतात."

मला रडू आलं, पण आनंदाचं नव्हतं. बरेच पेशंट हेच सांगतात, आणि मला घरात दोन माणसांना ते पटवता आलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "म्हणजे नाटक नव्हतं."

"तुम्हाला वाटत होतं?"

त्यानं उत्तर दिलं. निदान ओठ हलले. मी पुन्हा विचारलं नाही.

एका कानाचं ऑपरेशन झालं. रिकीब काढून तिथे बारीक पिस्टन बसवला. काही दिवस उठलं की घर फिरायचं, आणि जिभेची एक बाजू पत्रा चाटल्यासारखी लागायची. कानातली पट्टी काढल्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो पेपरच्या पानाचा आवाज. इतका मोठा की मी नवऱ्याला म्हणाले, जरा हळू वाचा. आता तो माझ्याशी ओरडून बोलतो. ओरडू नका म्हटलं तरी ओरडतो, ऑपरेशन होईपर्यंत तसं बोलून सवय लागली म्हणे. दुसरा कान अजून तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, घाई नको.

परवा शेजारीण आली होती. मी आत कणीक मळत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज स्पष्ट आला. "सुनंच्या कानात हाडूक अडाकलं व्हतं. मीच म्हनलं, डाक्टरला दाखवा. ही न्हाई न्हाईच म्हनत व्हती."

मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले. "आई, तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तुम्ही नाटक म्हणत होतात."

शेजारीण साडीचा पदर नीट करत बसली. सासूबाईंनी माझ्या पिठाच्या हातांकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? आता कसं समदं ऐकाया येतंय."