शाखेची माफी
माझे आजोबा विमानतळावर सामान हाताळण्याच्या नोकरीला लागले, तेव्हा लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या पक्षाच्या शाखेच्या क्लबात गोऱ्या नसलेल्या माणसाला सदस्यत्व मिळत नसे. तसा लेखी नियम नव्हता. अर्जाला सभेत अनुमोदक मिळत नसे, इतकेच. आजोबांनाही मिळाला नाही. मत मात्र त्यांनी आयुष्यभर याच पक्षाला दिले.

मी त्याच शाखेची सदस्य झाले आणि गेल्या वर्षी ठराव आणला: शाखेने हा वर्णभेद मान्य करावा आणि आजोबा आपल्यात आहेत तोवर त्यांची माफी मागावी.

सभेपूर्वी चहा घेताना वयस्कर चिटणीस बाईंनी मला बाजूला घेतले. मला काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, उमेदवारी हवी आहे, हे त्यांना ठाऊक होते. अर्ज अडवणारी ती माणसे आता हयातही नाहीत, मग माफी आपण का मागायची, असे त्यांनी प्रेमानेच विचारले. मी बेसिंगस्टोकला प्रयोगशाळेत काम करते. युक्तिवादातली फट शोधणे हा माझा रोजचा उद्योग.

“भिंतीवर ज्यांच्या विजयाचे फोटो आहेत, तेही हयात नाहीत,” मी म्हणाले. “त्यांचे श्रेय आपण घेतोच ना?”

बाई फोटोंकडे पाहत राहिल्या आणि हसू लागल्या. ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिले. तो मंजूर झाला.

पुढच्या सभेला आजोबा सूट घालून आले. अध्यक्षांनी उभे राहून, कसलीही पळवाट न ठेवता माफी मागितली आणि त्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. मी धास्तावले. आमच्या मराठी मंडळात आभारप्रदर्शन वर्षानुवर्षे आजोबांकडेच आहे. सवयीने त्यांनी इथेही आभार मानले असते, तर माफीचा उपकार झाला असता.

आजोबांनी टाय नीट केला.

“माफी स्वीकारली,” ते म्हणाले. “तिच्याबद्दल आभार मानणार नाही. खुर्च्या छान मांडल्या आहेत, त्या मांडणाऱ्यांचे मानतो.”

सभागृहभर हशा पिकला. अध्यक्षांनी मानद सदस्यत्व देऊ केले, तेही आजोबांनी नाकारले. मानद सदस्याला काउन्सिलचा उमेदवार निवडताना मत देता येत नाही, आणि त्यांना ते हवे होते. रीतसर अर्ज भरूनच ते निघाले.

मत कुणाला देणार, असे मी परतीच्या बसमध्ये मोठ्या लाडात विचारले.

“आधी सगळ्यांची भाषणं ऐकू दे,” आजोबा म्हणाले.