सिस्टर लाइनवर आल्या तो दिवस

चाकणच्या आमच्या कंपनीत कुडाळकर सिस्टरांकडून गोळी मिळवणं सोपं होतं, सुट्टीची चिठ्ठी मिळवणं महाकठीण. दवाखान्याच्या खोलीत शिरणारा प्रत्येक कामगार ढोंगीच, असं धरून त्या थर्मामीटर पुढे करत. "दुखणं खरं असलं की तोंड बंद होतं, मेल्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, हे मी माझ्या दोन फसलेल्या पोटदुख्यांवरून सांगतो.

त्या सकाळी डोकं फुटायला आलं होतं, अंगात कणकण होती आणि उजेड सहन होत नव्हता. मी वेल्डर. डोळ्यांना वेल्डिंग लागलं की असंच होतं, म्हणून महाळुंग्याच्या खोलीवर सोबत्यांनी माझ्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या. सिस्टरांपुढे मी घाबरून फार बडबडलो. त्यांनी ड्रॉप आणि गोळी देऊन मला कामावर परत धाडलं.

तासाभराने सिस्टर चक्क लाइनवर आल्या. इतक्या वर्षांत त्या खोली सोडून कधी आल्या नव्हत्या.

"मघाशी मागून हाक मारली, तर नुसती मान नाही वळवलीस, अख्खा वळलास," त्या म्हणाल्या. "हनुवटी छातीला लाव बघू."

मान लाकडासारखी ताठ, काही केल्या वाकेना. तिथेच मला उलटी झाली. गेटपासवर साहेबांची सही हवी, असं गेटवरचा माणूस सांगत राहिला. सही नंतर आणते, असं म्हणत सिस्टरांनी मला गाडीत घातलं आणि स्वतःही बसल्या.

पुढचे दोन दिवस मला आठवत नाहीत. मणक्यातलं पाणी काढून तपासलं, तेव्हा मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण झाल्याचं निघालं. आणखी उशीर झाला असता तर हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. खोलीवरच्या तिघांना सिस्टरांनी समोर उभं राहून प्रतिबंधक गोळ्या गिळायला लावल्या. माझा जीव वाचला, पण कानांत सारखी शिट्टी वाजत होती. या आजारात माणूस बहिरा होऊ शकतो, आणि बहिऱ्याला मशिनीजवळ कोण उभं करणार? कानांची तपासणी दुसऱ्या दिवशी होती. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

संध्याकाळी पाठीमागे कोणीतरी येऊन बसलं. मला ऐकू येत नाही अशा समजुतीने कुडाळकर सिस्टर अगदी हळू बोलत होत्या.

"त्या सकाळी मी तुला परत पाठवलं रे. चुकले मी."

शब्द न् शब्द ऐकू आला. जीव असा हलका झाला की हसावं की रडावं कळेना.

"सिस्टर," मी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणालो, "ऐकू आलं."

नुसता स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा, आणि दोन्ही आवाज मी मनापासून ऐकले.